अपिलाचा वारस

माझे नाव, वय आणि पत्ता वकीलबाईंनी पहिल्या पानाच्या माथ्यावर टाइप केला आहे, तो मी पुन्हा लिहीत बसत नाही. त्या नावाने मला या गावात कोणी ओळखतही नाही. सगळे बँडमास्तर म्हणतात. उमेदीची वर्षे सैन्याच्या बँडमध्ये काढली, निवृत्त झाल्यावर गावाच्या नगरबँडची छडी हातात घेतली आणि गेल्या वर्षी काढून घेतली जाईपर्यंत ती खाली ठेवली नाही. असा मी, डोके शाबूत, हात किंचित थरथरता, डावा कान जरा मंद, बाकी तक्रार नाही, हे मृत्युपत्र स्वतःच्या अकलेने लिहून ठेवत आहे. मला कोणी फितवलेले नाही की धमकावलेले नाही. म्हणजे धमकावणारे येऊन गेले; पण त्यांना जे हवे होते ते या कागदात कुठेही नाही, यावरूनच माझी बुद्धी ठिकाणावर असल्याचे वाचणाऱ्याने समजून घ्यावे. डॉक्टरबाईंचा दाखला सोबत जोडला आहे, कारण वकीलबाईंच्या मते माझ्या शब्दापेक्षा तो बरा.

यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते, ते रद्द समजावे. त्यात कापडवाल्याला व्यवस्थापक नेमले होते. तो आता राहिला नाही. कापडवाला ठणठणीत आहे. माझा विश्वास राहिला नाही. या मृत्युपत्राच्या व्यवस्थापक म्हणून वकीलबाईंना नेमतो. त्या फीबद्दल कधी बोलत नाहीत, म्हणून माझ्या माघारी त्यांची फी सगळ्यात आधी द्यावी.

कलम पहिले : घर

माझे राहते घर, तळमजला, वरच्या दोन खोल्या आणि मागचे अंगण धरून, स्वकष्टार्जित असून त्यावर कोणाचाही बोजा नाही. ते माझ्यामागे माझ्या एकुलत्या एक मुलाला मिळावे. तो नगरपालिकेत अभियंता आहे. गेले वर्षभर तो या घरात राहत नव्हता, यावरून माझ्या हितचिंतकांनी मला बरेच सल्ले दिले. त्या सर्वांना सांगतो, तो माझा मुलगा आहे, वैरी नाही. घर त्याला देताना मी कोणतीही अट घालत नाही. वरची रस्त्याकडची खोली मात्र माझ्या नातीची आहे. तिला वाटेल तोवर तिने तिथे राहावे, आणि लग्न झाले, नाही झाले, गावाबाहेर गेली, परत आली, तरी त्या खोलीत धान्याची पोती रचू नयेत.

जिन्याचा कठडा हलतो. अभियंत्याच्या घरात ते शोभत नाही.

कलम दुसरे : काय घडले ते

हे कलम मिळकतीचे नाही. वकीलबाई म्हणाल्या, मृत्युपत्रात गोष्टी सांगत नाहीत. पण पुढची कलमे का लिहिली हे त्याशिवाय कळायचे नाही, आणि गावात या प्रकरणाच्या इतक्या आवृत्त्या फिरत आहेत की एक तरी सही केलेली असावी.

गिरणीच्या मागे एक जुनी गल्ली होती. तिथे कुलूपवाला राहायचा. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. गावातल्या निम्म्या दारांच्या किल्ल्या त्याने घासलेल्या, आणि एकाही घरात कधी चोरी झाली म्हणून त्याच्याकडे बोट गेले नाही. नगरपालिकेने ती गल्ली नव्या क्रीडांगणासाठी घेतली. पाडण्याच्या कागदावर माझ्या मुलाची सही आहे. लोकांना दुसरीकडे घरे मिळायची होती, ती अजून मिळायचीच आहेत. घर पाडायला आले त्या सकाळी कुलूपवाला उंबऱ्यात बसला आणि उठेना. त्याला उचलून नेले ते थेट तुरुंगात. खटला नाही, तारीख नाही, का धरले ते सांगणारा माणूस नाही.

त्याची मुलगी आणि माझी नात शाळेत एका बाकावर. नातीला आम्ही टिटवी म्हणतो, कारण पाळण्यात होती तेव्हापासून तिचा आवाज तीन घरांपलीकडे जातो. घर पडल्यापासून त्या आवाजाला काय झाले कोण जाणे. ती जेवायला खाली येई, जेवी, वर जाई.

क्रीडांगणाचे उद्घाटन ठरले. मंत्री येणार होते. कापडवाल्याने कागदी झेंडे पुरवले, बोटभर जाडीच्या काठ्या लावलेले, प्रत्येक खुर्चीवर एक. नगरबँडला झेंड्याच्या खांबाजवळचा चौथरा दिला होता. आमचा बँड म्हणजे क्लॅरिनेटवर न्हावी, मोठ्या ढोलावर निवृत्त पोस्टमन, बाकी असेच गावातले हात. कपडे कडक इस्त्रीचे, पितळ असे घासलेले की त्यात दाढी करावी. राष्ट्रगीत सुरू झाले, सगळे क्रीडांगण उभे राहिले, आणि मी झेंड्याकडे पाहत छडी हलवत होतो.

मध्येच न्हाव्याचा सूर फाटला. त्याचा सूर फाटत नाही. मी त्याच्याकडे पाहिले तर त्याची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेलेली. राष्ट्रगीत चालू असताना मी जन्मात कधी मागे वळलो नव्हतो. त्या दिवशी वळलो.

अधिकाऱ्यांच्या कुटुंबांसाठी राखलेल्या रांगेत टिटवीची खुर्ची आडवी झाली होती. ती जमिनीवर, खुर्चीच्या पायाला धरून, आणि भोवती माणसे. कोणी लाथ घालत होते, कोणी केस ओढत होते, आणि त्या कागदी झेंड्यांच्या काठ्या तिच्या पाठीवर पडत होत्या. सूनबाई मध्ये पडायला धडपडत होती, तिला दोघींनी धरले होते. मुलगा पुढे मंचावर होता, त्याला काही दिसले नाही, असे तो सांगतो आणि मी ते मानतो. मला आजही ज्याने दरदरून घाम फुटतो ती गोष्ट अशी, की मारणाऱ्यांच्या तोंडी गीत चालूच होते. एक शब्द चुकत नव्हता.

मी छडी खाली केली.

बँड थांबला. पोस्टमनला ऐकू कमी येते, त्याचे एकदोन ठोके जास्त पडले, मग तोही थांबला. आणि मग मारणारेही थांबले. सूर गेल्यावर आपण काय करतो आहोत ते त्यांचे त्यांनाच ऐकू आले असावे. मी चौथऱ्यावरून उतरलो आणि तिला उचलले. भुवईतून रक्त येत होते. मंत्र्यांचा एक माणूस धावत आला. "पूर्ण करा, बँडमास्तर, पूर्ण करा आधी!" मी म्हटले, "आधी रांग सरळ करा." त्यांनी माझा नाद सोडला आणि लाउडस्पीकरवर रेकॉर्ड लावली.

गीत पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. मी होतो तिथे सावधान उभा राहिलो. एका हाताने तिला धरले होते. म्हटले, "पाय टेकव, मी धरलंय."

ती म्हणाली, "नको आजोबा, मी बसते."

आणि माझ्या पायाशी बसली. मी गीत संपेपर्यंत ताठ उभा, ती खाली बसलेली, तिचे रक्त माझ्या पांढऱ्या पँटवर. त्या वेळी तिला कोणी हात लावला नाही.

घरी सूनबाईने जखम धुतली आणि मी तोंडसुख घेतले. ते इथे लिहितो, नाहीतर लोकांना वाटेल की आजोबा आणि नात एका विचाराचे.

"कशाला बसलीस?"

"ती खुर्ची कुलूपवाल्यांच्या स्वयंपाकघराच्या जागेवर होती, आजोबा. मी तिथे जेवलेय. नाही उभं राहवलं."

"राहवलं नाही म्हणजे? ते गीत मंत्र्याचं आहे का? नगरपालिकेचं आहे का? आपलं आहे."

"आपलं आहे ना? मग मला रडू येत असताना मी ते बसून ऐकलं तर काय बिघडलं?"

"बिघडतं."

"काय बिघडतं ते सांगा ना."

 पण माझे मत बदललेले नाही. मी तिच्या जागी असतो तर उभा राहिलो असतो, आणि गीत संपल्यावर मंत्र्याची गचांडी धरली असती. तिने बसायला नको होते, हे मी या कागदावर नोंदवून ठेवतो. आणि ती बसली म्हणून तिला हात लावणाऱ्याने माझ्या देशाचे नाव तोंडात घेऊ नये, हेही.

कलम तिसरे : कापडवाला

पहिली काठी त्याने मारली. आमची दोस्ती दुधाचे दात पडायच्या वयापासूनची. प्रार्थनाघरात आम्ही शेजारी शेजारी बसायचो, तो डुलक्या काढायचा आणि मी कोपर मारायचो. दुसऱ्या दिवशी तो मिठाईचा पुडा घेऊन दारात आला.

"अरे, मला दिसलंच नाही ती तुझी नात आहे."

"दुसऱ्या कुणाची असती तर चाललं असतं?"

"तसं नाही रे. मागून कळलं नाही. रागाच्या भरात..."

"पुडा घेऊन जा."

तेव्हापासून आम्ही बोललेलो नाही. त्याला माझ्या मिळकतीतून काही देत नाही आणि त्याच्याकडून काही घेणे नाही. माझ्यामागे लोक जमतील तेव्हा त्याला भाषण करायची हुक्की येईल, त्याला बोलू देऊ नये. येऊन बसायचे असेल तर बसू द्यावे. पुढच्या रांगेत नव्हे, पण बसू द्यावे. गुडघे धरले आहेत त्याचे, खुर्ची पाठ टेकायची द्यावी.

कलम चौथे : प्रार्थनाघर

घटनेनंतरच्या आठवड्यात प्रार्थनाघराच्या प्रमुखांनी मला आतल्या खोलीत बोलावले. सगळ्यांसमोर उभे राहून चूक झाली असे म्हणा, आपण सगळे मिळून क्षमा मागू, असे त्यांचे म्हणणे. वयाने माझ्याहून लहान आहेत, तरी मी त्यांना अहोजाहो करतो.

मी म्हटले, "क्षमा कुणाची मागायची? देवाची की मंत्र्यांची?"

"देव आणि देश काय वेगळे आहेत का, बँडमास्तर?"

"आहेत की. देशाला सीमा लागते. मी सीमेवर राहिलोय. देवाला सीमा लागते असं मला तरी तिथे दिसलं नाही."

त्यावर ते म्हणाले, मग काही दिवस येऊ नका, लोकांच्या भावना तीव्र आहेत. मी म्हटले, येणार. आलो. पुढची माझी जागा कोणीतरी पिशवी ठेवून अडवली होती, म्हणून मागच्या ओळीत बसलो. तेव्हापासून तिथेच बसतो. सुरुवातीला माझ्या बाकावर कोणी बसत नसे. आता एक विधवा बाई आणि तिचे पेंगणारे पोर बसते. मागच्या ओळीत छत गळते. पुढे बसत होतो तोवर मला याचा पत्ता नव्हता. वकीलबाईंची फी दिल्यावर माझ्या बचतीतून आधी ते छत नीट करावे. कोनशिला लावू नये, नाव घेऊ नये, प्रमुखांनी कृतज्ञता व्यक्त करू नये.

माझ्या श्रद्धेबद्दल लोक तर्क करतात, म्हणून लिहितो. ती जशी होती तशी आहे. रोज सकाळी पहिली प्रार्थना देशासाठी करतो, दुसरी घरातल्यांसाठी. गेल्या वर्षापासून एक तिसरी वाढवली आहे, त्या दिवशी ज्यांनी काठ्या उचलल्या त्यांच्यासाठी. ती करताना दातावर दात घट्ट धरावे लागतात, पण करतो.

कलम पाचवे : पदक

युद्धात बँड वाजत नाही. वाद्ये पेटीत जातात आणि बँडवाले स्ट्रेचर उचलतात. मी आणि एक ट्रम्पेटवाला आमच्या तुकडीच्या स्वयंपाक्याला चढावरून खाली आणत होतो. त्याच्या पोटात छर्रा होता. तो माझ्या धर्माचा नव्हता. वाटेत तो त्याच्या देवाला हाका मारत होता, मी माझ्या, आणि मधल्या वेळात तो मला शिव्या घालत होता, कारण दगडावर पाय पडला की स्ट्रेचरला हिसका बसत असे. माझ्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. मग शिव्या थांबल्या. मी घाबरून पळतच सुटलो. तेव्हा स्ट्रेचरवरून आवाज आला, "गाढवा, मेलो नाही अजून, दम खातोय." तो जगला. मला पदक मिळाले.

माजी सैनिकांच्या संघटनेने गेल्या वर्षी पत्र पाठवून ते पदक परत मागितले. मी उत्तर दिले, की हे पदक मला वाजवल्याबद्दल मिळालेले नाही, जखमी माणूस उचलल्याबद्दल मिळाले आहे. क्रीडांगणावरही मी तेवढेच केले. त्यानंतर पत्र आले नाही.

हे पदक मी सूनबाईला देतो. मुलगा सरकारी क्वार्टरमध्ये राहायला गेला तेव्हा ती त्याच्याबरोबर गेली, ते तिचे बरोबरच होते. टिटवी माझ्याकडेच राहिली, म्हणून रोज दुपारी बस पकडून सूनबाई इकडे येई, मुलीच्या जखमेची पट्टी बदलून, माझा डबा झाकून ठेवून, संध्याकाळी परत जाई. दोन घरे एका डब्याने तिने जोडून ठेवली आणि दोन्हीकडचे टोमणे खाल्ले. ती हसेल आणि म्हणेल, "बाबा, मी हे कुठे लावू, साडीला?" लावावे. खुशाल लावावे.

कलम सहावे : हत्यारे आणि वाद्य

मागच्या पडवीतला शेगडा, कानशी, लहान हातोड्या, पोचे काढायच्या सळया आणि लाकडी टेबल, जे मी वाद्यांच्या दुरुस्तीला वापरत असे, ते सगळे कुलूपवाल्याला द्यावे. तो सुटून आला आहे. जसा नेला तसा सोडला, कागद नाही, कारण नाही. त्याची स्वतःची हत्यारे जप्तीत गेली ती परत मिळाली नाहीत. आता गावाबाहेर भाड्याच्या खोलीत राहतो. मध्यंतरी माझ्या दाराची कडी बसवायला आला तेव्हा काम करता करता एकदम थांबला आणि म्हणाला, "बँडमास्तर, आतमध्ये दाराला आतून कडी नसते हो." मग पुन्हा कामाला लागला.  मी स्क्रू धरले.

माझी स्वतःची कॉर्नेट, म्हणजे आखूड ट्रम्पेट, मुलाच्या मालकीची राहावी आणि न्हाव्याकडे नुसती सांभाळायला ठेवावी; तो साक्षीदार असल्याने त्याला ती देता येत नाही. टिटवीला वाद्य देण्यात अर्थ नाही; ती फुंकते तेव्हा म्हैस अडल्यासारखे वाटते. न्हाव्याने ती विकू नये, काचेच्या कपाटात ठेवू नये, आठवड्यातून एकदा वाजवावी म्हणजे झडपा अडकत नाहीत.

कलम सातवे : देशाबद्दल

देश माझ्या नावावर नाही, त्यामुळे तो कोणाला देऊ शकत नाही. काळजी तेवढी देऊन जातो.

माझी छडी काढून घेतल्यावर नगरबँड मोडला. आता सगळ्या कार्यक्रमांत रेकॉर्ड लावतात. सोयीचे पडते, असे मुलगाही म्हणाला; सूर फाटत नाही, कोणी आजारी पडत नाही. खरे आहे. पण रेकॉर्डला समोरचे दिसत नाही. समोर कोणाचा जीव चालला असला तरी ती शेवटपर्यंत वाजते. मला भीती वाटते ती याची, की माणसेही तशीच होत चालली आहेत. आमच्या वेळी सगळे छान होते असे मी म्हणत नाही. आमच्या वेळीही लबाड होते आणि त्यातले काही आमचे अधिकारी होते. पण तेव्हा देशावर प्रेम म्हणजे काहीतरी काम असायचे. खड्डा खणा, ओझे उचला, पहारा द्या. आता शेजाऱ्याकडे संशयाने पाहिले की भागते. माझ्याच गल्लीतली मुले मला विचारतात, "आजोबा, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूचे?" मी सीमेवर असताना हा प्रश्न मला शत्रूनेसुद्धा विचारला नव्हता.

तरी मी निराश नाही. निराश माणूस वकील करत नाही.

दर राष्ट्रीय दिवशी मी गच्चीवर जो झेंडा लावतो, तो कोणाला द्यायचा हे मी ठरवले नव्हते. मध्यंतरी धुऊन वाळत घातला होता तेव्हा टिटवी म्हणाली, "हा मला द्या."

"तू तर बसणारी."

"म्हणून काय झालं? सगळे झेंडे काय त्यांच्याकडेच राहू द्यायचे?"

झेंडा टिटवीला. फी आणि छताचा खर्च वजा जाता उरलेली बचतही तिलाच, पुढच्या शिक्षणासाठी. तिला कायदा शिकायचा आहे. आवाज परत आला आहे, त्यामुळे अडचण येऊ नये.

कलम आठवे : अपील

माझ्यावर राष्ट्रगीत जाणूनबुजून बंद पाडून देशाचा अवमान केल्याचा खटला झाला. टिटवी वयाने लहान म्हणून तिला समज देऊन सोडले. मारणाऱ्यांची नावे साक्षीला आलेल्यांपैकी कोणालाच आठवली नाहीत.

खटला उभा राहण्याआधी मुलगा रात्रीचे जेवण टाकून माझ्यासमोर बसला होता. "बाबा, चार ओळी लिहून द्या. चक्कर आली म्हणा. वय झालंय, सगळे समजून घेतील."

"मला चक्कर आली नव्हती."

"माझी नोकरी आहे हो."

"मी तुला काही लिहून मागतोय का?"

"तुम्ही काही मागत नाही, हाच तर त्रास आहे," असे म्हणून तो उठला, आणि त्याच आठवड्यात क्वार्टरमध्ये गेला.

कोर्टात सरकारी वकिलांनी विचारले, राष्ट्रगीत चालू असताना काय करायचे असते? मी म्हटले, निश्चल उभे राहायचे असते, हे मीच या गावातल्या दोन पिढ्यांना शिकवले. मग तुम्ही ते थांबवलेत कसे? मी म्हटले, साहेब, माझ्यासमोर माणसे एका मुलीला मारत होती आणि माझा बँड त्यांना साथ करत होता. मारहाणीला साथ करायला मी बँड बांधला नव्हता. न्यायाधीशांनी पेन खाली ठेवून मला विचारले, "पश्चात्ताप वाटतो का?" मी म्हटले, "उशिरा वळलो, त्याचा वाटतो."

मला दोषी धरले. शिक्षा, कोर्ट उठेपर्यंत कैद. म्हणजे त्या दिवशीचे कामकाज संपेपर्यंत भिंतीलगतच्या बाकावर बसून राहायचे. टिटवी येऊन शेजारी बसली. शिपाई म्हणाला, हा बाक फक्त आरोपींचा. ती म्हणाली, "मग मलाही शिक्षा द्या." शिपायाने दुसरीकडे बघितले. दुसऱ्यांचे खटले चालू राहिले, कोणाची म्हैस, कोणाची भिंत. दुपारनंतर दार उघडले आणि माझा मुलगा आत आला. साइटवरून आला होता, बुटांना चिखल. तो माझ्या दुसऱ्या बाजूला येऊन बसला. पिशवीतून बाटली काढली. "बाबा, पाणी." एवढेच. संध्याकाळी न्यायाधीश उठले तसे सगळे उभे राहिले. टिटवीही चटकन उभी राहिली. मी तिच्याकडे पाहिले. ती पुटपुटली, "ह्यांनी निदान विचारलं तरी."

लोक म्हणतात, सुटलात की, आता विसरा. मी सुटलो नाही. मी देशाचा अवमान केला, असे सरकारी कागदावर माझ्या नावापुढे लिहिलेले आहे. आयुष्यात माझ्यावर कर्ज राहिले नाही, कोणाचे वाईट चिंतल्याचे आठवत नाही. हा एकच कलंक आहे आणि तो खोटा आहे. म्हणून अपील केले आहे. तारखा पडत आहेत. मी गेल्यावर अपील आपोआप मिटेल, ते मिटू नये असे वाटत असेल तर जवळच्या नातेवाइकाने ठरल्या मुदतीत अर्ज करून ते पुढे चालवावे लागेल, असे वकीलबाईंनी सांगितले आहे. टिटवी तयार आहे. पण ती जिंकली तर लोक म्हणतील, नात होती, ती तर त्यातलीच. क्रीडांगणाच्या कागदावर ज्याची सही आहे त्याने उभे राहून सांगितले, की माझ्या बापाने देशाचा अवमान केला नाही, तर ऐकावे लागेल.

म्हणून हे अपील मी माझ्या मुलाला वारसाहक्काने देतो. यालाही अट जोडलेली नाही. अट घातली असती तर तो घरासाठी लढला असता. मला ते नको आहे.

कलम नववे : निरोप

माझ्या देहाची व्यवस्था माझ्या बायकोला जिथे निरोप दिला तिथेच, साधेपणाने करावी. माजी सैनिक म्हणून सरकारी मानवंदना द्यायला कोणी आले तर घ्यावी. मला ती आवडेल, खोटे कशाला बोलू. नाही आले तर वाट पाहत बसू नये, मला उकाडा सहन होत नाही. राष्ट्रगीत वाजले तर ते माणसांनी वाजवलेले असावे. जमलेल्यांपैकी कोण उभे राहते आणि कोण बसते, हे पाहायला कोणी मान वळवू नये. कोणाला काही होत असेल तर मात्र सगळ्यांनी वळावे.

कलम दहावे : वाचन

हा कागद गुप्त ठेवण्यासारखे माझ्याकडे काही नाही. सही करण्यापूर्वी आज मुलाला बोलावून जेवणाच्या टेबलाशी पूर्ण वाचून दाखवला.  संपल्यावर तो आठव्या कलमावर बोट ठेवून म्हणाला, "मी नाही चालवलं तर?"

"तर नाही चालवलं. घर तुझंच आहे."

"बदली करतील माझी. कुठेतरी लांब."

"करतील."

"आणि हरलो तर?"

"मग वरच्या कोर्टात."

तो हसला. या घरात वर्षभराने हसला. मग त्याने पेन मागितले. वकीलबाई घाईने म्हणाल्या, ज्याला मिळकत मिळते त्याने साक्षीदार म्हणून सही करायची नसते. तो म्हणाला, "साक्षीदार म्हणून नको. खाली रिकामी जागा आहे ना, तिथे लिहितो."

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून, वाचून, समजून, दोघा साक्षीदारांसमक्ष सही केली असे. दोघांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या आहेत. पोस्टमनला कमी ऐकू येत असल्याने त्यांना सगळा मजकूर ओरडून वाचून दाखवला; त्यामुळे तो शेजाऱ्यांनाही माहीत आहे.

लिहून ठेवणार : (सही) बँडमास्तर

साक्षीदार १ : (सही) पोस्टमन, निवृत्त, मोठा ढोल

साक्षीदार २ : (सही) न्हावी, क्लॅरिनेट

ठिकाण : राहते घर, जेवणाचे टेबल

तारीख : वकीलबाईंच्या शिक्क्यात आहे ती, दिवस सुट्टीचा, प्रार्थनेहून परत आल्यावर

(खाली, वेगळ्या हस्ताक्षरात)

अपील मी चालवीन. बदली झाली तरी तारखेला येईन.

— मुलगा